तिथी बघून अर्नाळ्याला

अर्नाळ्याच्या किल्ल्यावर जायचे ठरले की बसचे वेळापत्रक मागाहून पाहावे, आधी पंचांगात तिथी पाहावी. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचे गणित सोपे आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल ती भरती पूर्ण होण्याची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेला आणि अमावास्येला समुद्र दुपारी बाराच्या आसपास तुडुंब भरतो. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी आणि दोहोंच्या मधोमध ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला एवढे पुरते.

मी माझ्या भाच्याला घेऊन गेलो तो दिवस एकादशीचा होता, आणि तो मुद्दाम निवडलेला होता. दशमी-एकादशीला सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या सुमाराला भरती असते, दुपारी दोनच्या आगेमागे ओहोटी. म्हणजे सकाळी भरल्या पाण्यात नाव किनाऱ्याजवळ येते, दुपारी तटाभोवतीची वाळू उघडी पडते, आणि संध्याकाळी परत फिरायच्या वेळी पाणी पुन्हा चढू लागलेले असते. बेटावर चार गोष्टी नीट पाहायच्या तर असाच दिवस हवा. पौर्णिमेला गेलात तर उधाणाचा समुद्र पाहायला मिळेल, पण भर दुपारी पाणी किल्ल्याच्या बाजूला चढलेले असेल आणि किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणे राहून जाईल.

भाचा सातिवलीला एका कारखान्यात कामाला आहे. वसई पूर्वेच्या या पट्ट्यात गोखिवरे, सातिवली, वालीव अशी गावे एकाला एक लागून आहेत. गाळ्यांच्या रांगा, मालाचे टेम्पो, पलीकडे मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि त्याच्याही पलीकडे तुंगारेश्वराचा डोंगर. इथे कामाला आलेल्या हजारो माणसांपैकी कितीतरी जणांना समुद्र आपल्याच तालुक्यात आहे हे ठाऊक असते, पण तिकडे जाणे होत नाही. रेल्वेच्या पूर्वेला कारखाने आणि डोंगर, पश्चिमेला वाड्या, केळी, चर्च, देवळे आणि कोळीवाडे. वसई तालुक्याचे हे दोन भाग एकमेकांकडे पाठ करून बसले आहेत असे मला नेहमी वाटते. सातिवलीत राहणाऱ्याने सुट्टीच्या दिवशी लोणावळा-माथेरानच्या आधी अर्नाळा पाहावा, असे माझे प्रामाणिक मत आहे.

जायचे कसे, ते आधी सांगतो. सातिवलीहून रिक्षाने किंवा बसने वसई रोड स्टेशन गाठायचे. तिथून विरारकडची लोकल; मध्ये फक्त नालासोपारा. सकाळच्या वेळी गर्दी उलट्या दिशेला असते, त्यामुळे बसायला जागा मिळते. विरारहून मुंबईच्या दिशेने पहिली लोकल 1867 साली एप्रिलमध्ये निघाली, तेव्हा दिवसाला एकच गाडी होती. विरारला पश्चिमेला उतरले की अर्नाळ्याच्या बस मिळतात, सहा आसनी रिक्षाही धावतात. रस्ता आठ-दहा किलोमीटरचा. बसमध्ये खिडकीची जागा धरावी, कारण विरारच्या इमारती संपल्या की बाहेरचे सगळे पालटते.

आगाशी आली की तिथेच उतरावेसे वाटते. पण सकाळी थांबू नये, भरती कोणासाठी थांबत नाही. आगाशी परतीच्या वाटेवर ठेवावी. भवानीशंकराचे देऊळ आणि त्याचे तळे संध्याकाळच्या उन्हात जास्त चांगले दिसते. आगाशी हे सोळाव्या शतकात जहाजे बांधणारे बंदर होते. आज तिथे बाहेरच्या माणसाने विचारायचे ते सुकेळ्यांचे. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून कडक उन्हात काही दिवस वाळवतात. रोज संध्याकाळी गोळा करायची, सकाळी पुन्हा पसरायची. साखर, तूप, मसाला काहीही घालत नाहीत. केळ्यातली साखरच वर येते आणि फळ मधाच्या रंगाचे, चिवट, गोड होते. केळीच्याच सुक्या पानात बांधलेला सुकेळ्यांचा पुडा ही वसईची खरी भेटवस्तू. वाळवण उन्हावर अवलंबून, म्हणून पावसाळ्यात विचारू नये. काम कष्टाचे आहे आणि करणारी घरे कमी होत चालली आहेत, त्यामुळे भाव ऐकून घासाघीस करू नये, एवढीच विनंती.

अर्नाळ्याला बस थांबते तिथून किनारा चालत गाठता येतो. रविवारी या किनाऱ्यावर मुंबईचे लोक लोटतात, सुरूच्या झाडांखाली गाड्या लागतात, रिसॉर्टांतून गाणी वाजतात. बहुतेक पाहुण्यांचे अर्नाळे तिथेच संपते. ज्याला गाव पाहायचे त्याने त्या गर्दीकडे न वळता कोळीवाड्याच्या बाजूला जावे, जिथे होड्या लागतात. समोर पाण्यापलीकडे काळा तट आणि माडांची रांग दिसते. तेच बेट. लोक त्याला ‘किल्ला’ एवढेच म्हणतात. ‘किल्ल्यात राहतो’, ‘किल्ल्यात लग्न आहे’ अशी वाक्ये नावेत सहज कानी पडतात. अर्नाळा किल्ला हे स्वतंत्र गाव आहे, त्याची स्वतंत्र ग्रामपंचायत आहे, आणि तिथे जायला नावेशिवाय दुसरी वाट नाही. वसई तालुक्यात असे आणखी एक बेटगाव आहे, नायगाव आणि भाईंदर यांच्या मधल्या खाडीतले पाणजू. लोकल त्या बेटावरून दिवसभर धावतात, पण तिथे थांबत नाहीत. पाणजूकरांनाही नायगावचा धक्का गाठायला पाण्यातूनच यावे लागते.

नाव म्हणजे इथली एसटी. तिच्यात गॅसचे सिलिंडर असतात, किराणा असतो, कॉलेजला जाणारी मुले असतात, दवाखान्यातून परतणारी म्हातारी असते, बर्फाच्या लाद्या असतात. पाहुण्याने हे लक्षात ठेवावे. आधी गावचे लोक आणि त्यांचे सामान, मग आपण. नावेवरच्या पोराने आम्हाला पाहताच सांगितले, “काका, चपला हातात घ्या, पँट वर करा.” भरती असूनही शेवटची चार पावले पाण्यातून टाकावी लागलीच. ओहोटीला हेच अंतर वाढते आणि गुडघाभर, कधी त्याहून जास्त पाण्यातून चालत नाव गाठावी लागते. म्हणून पाठीवर बसेल अशी एकच पिशवी घ्यावी, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि सोबत म्हातारे माणूस असेल तर ओहोटीची वेळ टाळावीच. प्रवास दहा मिनिटांचा. पावसाळ्यात या दहा मिनिटांचा भरवसा नसतो, म्हणून सहल दिवाळीनंतर ते मे महिन्याच्या मध्यापर्यंत.

पाण्यात पोहायचा मोह मात्र धरू नये. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली वैतरणा इथे समुद्राला मिळते. नदीचे वाहते पाणी आणि समुद्राची भरती-ओहोटी एकमेकांना भिडतात, तळाची वाळू सारखी जागा बदलते आणि वर शांत दिसणाऱ्या पाण्याखाली जोरदार ओढ असते. कोळ्याचे पोर जिथे पोहत नाही तिथे आपण उतरू नये.

बेटावर पाऊल ठेवल्यावर आधी लागते ते गाव. कालिकामातेचे देऊळ, लहान घरे, दारात विणायला घेतलेली जाळी, अंगणात वाळत घातलेली मासळी. किल्ल्याकडे जाणारी वाट घरांच्या मधून जाते, कधी कुणाच्या पडवीला खेटून. ही वाट म्हणजे लोकांचे राहते अंगण आहे, तेव्हा आवाज खाली ठेवावा. जाळ्यावरून कधी चालू नये. पसरलेले जाळे वाटेत आले तर वळसा घालावा, नाहीतर उचलायला हात लावून विचारावे.

वाळवणाच्या खळ्यात आम्ही बराच वेळ थांबलो. मला तरी बेटावरची सगळ्यात पाहण्यासारखी जागा हीच वाटते, किल्ल्याच्याही आधी. बांबूंच्या उंच चौकटींवर आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात. त्यांना वलांडी म्हणतात. त्यांवर बोंबील जोडीजोडीने टांगतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. ना सुतळी, ना आकडा. बोंबलाचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे एकदा अडकले की जोडी सुटत नाही. बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच. दोन-तीन दिवस वारे आणि ऊन लागले की तो इतका हलका होतो की वाऱ्यावर सळसळतो. खाली जमिनीवर जवळा पसरलेला, बाजूला मांदेली, करंदी, वाकट्या. एक मावशी फळीने जवळा उलटा करीत होत्या. भाच्याने विचारले, “मावशी, फोटो काढू?” त्या म्हणाल्या, “काढ रे बाळा, पण जवळ्यावर सावली नको पाडूस.” त्यांचे सगळे काम उन्हाशी बांधलेले होते. अवेळी पाऊस आला की एका सरीत आठवड्याचा माल जातो, असे त्यांनी सांगितले. ते सांगतानाही हातातली फळी थांबली नव्हती.

हा माल कुठून येतो हे समजून घ्यायचे तर डोल जाळे समजून घ्यावे लागते. बाहेरून येणाऱ्याला वाटते की कोळी समुद्रात जाऊन मासे शोधतो. डोलीचे तंत्र त्याच्या उलट आहे. डोल म्हणजे मोठ्या तोंडाची, शेपटाकडे निमुळती होत गेलेली लांबलचक पिशवी. समुद्राच्या तळात खांब रोवून किंवा भार टाकून तिला एका जागी बांधतात, तोंड प्रवाहाकडे. मग भरतीचे किंवा ओहोटीचे पाणीच मासळी आणून आत भरते. पाण्याची दिशा पालटायच्या वेळी, ओढ थांबली की शेपूट उचलून सोडवायचे, मासळी काढायची आणि पुन्हा बांधायचे. माणूस फक्त योग्य वेळी हजर पाहिजे. ती वेळ कधी पहाटे तीनला येते, कधी भर दुपारी, आणि रोज पाऊण तास पुढे सरकते. म्हणून कोळीवाड्यात माणसे कुठल्याही वेळी झोपलेली आणि कुठल्याही वेळी जागी दिसतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाला ओढ जोराची, तेव्हा डोलीला मासळी चांगली. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, पाणी मंद, तेव्हा डोल फारशी भरत नाही. त्या दिवसांत जाळी दुरुस्त करणे, होडी रंगवणे, बाजारहाट अशी कामे निघतात. पाहुण्याला गप्पा मारायच्या असतील तर भांगाचे दिवस चांगले. लोकांना सवड असते.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. हे दोन महिने मासळीच्या विणीचे असतात आणि सरकारी बंदी त्यासाठीच आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन नवा हंगाम सुरू होतो. त्या दिवशी कोळीवाडा पाहायला जायचे असेल तर अर्नाळ्याचा मुख्य किनारा गाठावा, बेटावर जायचा हट्ट धरू नये. श्रावणातला समुद्र अजून खवळलेला असतो.

आता किल्ला. महाद्वार उत्तरेला आहे आणि त्याच्यासमोर उभे राहिले की काम मराठ्यांचे आहे हे लक्षात येते. दोन भक्कम बुरुजांच्या मध्ये कमान, कमानीच्या दोन्ही बाजूंना दगडात कोरलेले हत्ती आणि सिंह, आणि वर देवनागरी शिलालेख. इतिहास मोठा आहे, थोडक्यात सांगतो. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला गुजरातच्या सुलतानाच्या अमलात इथे पहिली गढी झाली. मग पोर्तुगीज आले. त्यांच्या कागदांत या बेटाचे नाव गायींचे बेट असे आहे. वैतरणेच्या तोंडावर बसलेले हे बेट ज्याच्या हाती, त्याच्या हाती नदीतून ये-जा करणाऱ्या प्रत्येक गलबताची नाडी. म्हणून वसईची मोहीम सुरू झाली तेव्हा मराठ्यांनी वसईच्या आधी अर्नाळा घेतला. 1737 च्या मार्च अखेरीस मराठी सरदार शंकराजीपंतांच्या फौजेने बेट काबीज केले. वसई पडायला त्यानंतर दोन वर्षे लागली, 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली. घेतलेले बेट मराठ्यांनी तसेच ठेवले नाही. बाजीराव पेशव्यांच्या आज्ञेने जवळजवळ नवा किल्ला उभारला. दारावरच्या लेखात बाजीरावांचे, शंकराजींचे आणि किल्ला बांधणाऱ्या बाजी तुळाजींचे नाव आहे.

त्या तिसऱ्या नावापाशी थोडे थांबावे. किल्ल्यांच्या लेखांत राजा, प्रधान, सरदार यांची नावे असतातच. बांधणाऱ्याचे नाव दारावर कोरलेले क्वचित दिसते, आणि तेही त्याला विश्वकर्म्याची पदवी देऊन. भरतीचे तास मोजून समुद्राच्या तोंडात चिरे बसवणाऱ्या माणसाची ही कदर होती. भाच्याने यंत्रावर काम करणाऱ्याच्या नजरेने चिऱ्यांचे सांधे पाहिले, बोट फिरवून पाहिले, आणि बराच वेळ तो दाराशीच रेंगाळला. मी त्याला घाई केली नाही.

तट चौकोनी आहे आणि त्यावरून सगळीकडे चालता येते. भैरव, भवानी, बावा अशी बुरुजांची नावे सांगतात. आत विहिरी आहेत, अष्टकोनी तळे आहे आणि त्याला पायऱ्या आहेत. चारी बाजूंनी खारे पाणी असताना आत गोडे पाणी मिळते, म्हणूनच इथे शिबंदी राहू शकली. तळ्याजवळ त्र्यंबकेश्वराचे देऊळ आहे. वैतरणेच्या उगमाशी त्र्यंबकेश्वर आणि मुखाशीही त्र्यंबकेश्वर, हा योग मला फार सुंदर वाटला. भवानीचे देऊळ आहे, नित्यानंद महाराजांच्या पादुका आहेत, आणि शाहअली व हाजीअली यांची थडगीही आहेत. गावातली माणसे या सगळ्या ठिकाणी जाताना दिसतात. तटाच्या वरच्या कडेला कठडा नाही, चिरे काही ठिकाणी सुटलेले आहेत. लहान मुलांचा हात सोडू नये.

तटाच्या उत्तर अंगाला उभे राहिलात तर वैतरणेच्या मुखापलीकडे दातिवऱ्याचा किनारा दिसतो, पुढे एडवण, केळव्याची दिशा. पश्चिमेला नुसता समुद्र. एक गोष्ट इथे उभे राहून सांगण्यासारखी आहे. भारतीय नौदलात या बेटाच्या नावाची युद्धनौका आहे. 18 जून 2025 रोजी विशाखापट्टणमला ‘आयएनएस अर्नाळा’ नौदलात दाखल झाली. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या सोळा नौकांपैकी ही पहिली. त्याआधीही याच नावाची एक नौका होती, 1972 पासून 1999 पर्यंत सेवेत. नदीच्या तोंडावर पहारा देणाऱ्या किल्ल्याचे नाव किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या नौकेला, यात औचित्य आहे. गावातल्या पोरांना ही गोष्ट ठाऊक आहे आणि ती सांगताना त्यांची छाती फुगते.

दोनच्या सुमाराला ओहोटी पूर्ण झाली की किल्ल्याच्या बाहेर पडावे आणि दक्षिणेच्या अंगाला चालत जावे. तिथे मुख्य तटापासून वेगळा, एकटा गोल बुरूज उभा आहे. टेहळणीसाठी बांधलेला. उघड्या पडलेल्या वाळूवर खेकड्यांची नक्षी असते, खडकांना कालवे चिकटलेली असतात. बायका कोयती घेऊन ती फोडताना दिसतात. पायांत जुन्या चपला असाव्यात, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात.

आणि इथेच बेटाचे दुखणे दिसते. समुद्र गाव खातो आहे. किनाऱ्याची धूप होऊन घरांच्या भिंतींपर्यंत पाणी आले आहे, दर पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी काही घरांत पाणी शिरते, माड मुळांसकट उलटतात. काही घरे गेलीच. गावकरी कितीतरी वर्षे धूपप्रतिबंधक बंधारा मागत आहेत, आणि सगळ्या बाजूंनी पक्का. वैतरणेतून होणारा बेसुमार वाळू उपसा हे धुपीचे एक मोठे कारण आहे असे ते सांगतात. नदी वाळू आणते, समुद्र ती किनाऱ्यावर पसरवतो. वरच्या अंगाला वाळूच काढून घेतली तर खालच्या किनाऱ्याला भर मिळत नाही, हे समजायला मोठी विद्या लागत नाही. समुद्राची पातळीही चढते आहे. आणि उत्तरेला, डहाणूजवळ वाढवणला 76 हजार कोटींहून मोठ्या खर्चाचे बंदर उभे राहत आहे, त्याची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली. पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार त्याला विरोध करीत आले आहेत, कारण त्या भागातले पाणी मासळीच्या पैदाशीचे आहे. 2023 साली महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केले. त्या पापलेटाचे घर याच किनाऱ्यासमोर आहे. पाहुणा म्हणून आलेल्याने हे ऐकून घ्यावे असे मला कळकळीने वाटते. किल्ला दगडाचा आहे, तो टिकेल. त्याच्या भोवतीची माणसे टिकली पाहिजेत.

जेवणाचे म्हणाल तर बेटावर हॉटेल शोधू नये. सकाळी नावेतच किंवा गावात कुणाला तरी विचारून ठेवावे. एखाद्या घरी सांगितले तर तांदळाची भाकरी, ताज्या बोंबलाचे कालवण आणि तळलेली मांदेली मिळू शकते. आम्हाला मिळाली. ओला बोंबील नावेतून उतरल्यावर तासाभरात चुलीवर चढला तर त्याची चव शहरातल्या कुठल्याही खानावळीत मिळणार नाही. पैसे विचारून द्यावेत, थोडे जास्तच द्यावेत. नाही जमले तर डबा सोबत असावा आणि डब्याबरोबरचा सगळा कचरा परत आणावा. बेटावर कचरा टाकायला दुसरी जागा नाही, तो समुद्रातच जातो आणि समुद्रातून डोलीत.

एप्रिल-मे मध्ये गेलात तर आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी इथेच करावी. सुके बोंबील घेताना पाठ पांढरट-सोनेरी आहे ना, वाकवल्यावर मोडतो ना, हे पाहावे. लवचीक लागला तर ओल राहिलेली असते आणि पावसाळ्यात बुरशी येते. जवळा हातात घेऊन फुंकर मारावी, वाळू उडाली तर तो खळ्यावर नीट झाडलेला नाही. मीठ लावलेला माल आणि बिनमिठाचा माल वेगळा मागावा. घरी नेल्यावर दोन उन्हे पुन्हा द्यावीत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. मावशींकडून आम्ही बोंबील आणि जवळा दोन्ही घेतले. त्यांनी वरून मूठभर करंदी टाकली.

परतीची नाव पाच वाजेपर्यंत धरावी. शेवटच्या नावेची वेळ उतरतानाच विचारून ठेवायची, कारण ती ऋतूप्रमाणे आणि पाण्याप्रमाणे बदलते. अर्नाळ्याहून विरारकडे येताना आगाशीला उतरून तळे आणि सुकेळी. दुसरा दिवस हाताशी असेल तर दक्षिणेकडे भुईगावचा किनारा पाहावा. या किनाऱ्याची गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. सम्राट अशोकाने आपल्या आज्ञा देशभर खडकांवर कोरवल्या, त्यांतल्या नवव्या शिलालेखाचा तुकडा 1956 साली भुईगावला सापडला. आठव्याचा तुकडा त्याआधी 1882 साली सोपाऱ्याला मिळाला होता. त्याच वर्षी पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला आणि त्याच्या पोटातून बुद्धाच्या कांस्य मूर्ती असलेला करंडक बाहेर आला. तो करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे, शिलालेखाचे तुकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. स्तूप मात्र नालासोपारा पश्चिमेला जागेवर आहे आणि आजही तिथे लोक वंदनाला येतात. अर्नाळा, आगाशी, सोपारा, भुईगाव हा सगळा एकच प्राचीन बंदरपट्टा आहे.

भुईगावला आज पाहायचे ते पक्षी. नोव्हेंबर ते मार्च या काळात ओहोटीच्या वेळी दूरवर चिखल उघडा पडतो आणि त्यावर उत्तरेकडून आलेले कुरव, सुरय, चिखले यांचे थवे उतरतात. दुर्बीण असेल तर न्यावी, पांढरे-भडक कपडे घालू नयेत, थव्याच्या अंगावर चालून जाऊ नये. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला दर वेळी उडवले तर त्याचे पोट भरत नाही. भरती चढू लागली की पाणी पक्ष्यांना आपणच किनाऱ्याकडे ढकलते, त्यामुळे ओहोटी संपल्यावर तास-दीड तासाने जाऊन एका जागी बसून राहावे. सातिवलीहून भुईगावला जायला वसई स्टेशनच्या पश्चिमेकडून बस आणि रिक्षा दोन्ही मिळतात.